द्राक्षमळ्यांपासून समुद्रकांठापर्यंत

नाशिकाहून समुद्र किती लांब, असें हल्लीं कोणा तरुणास विचारलें, तर तो मोबाईलवर बोट फिरवून तासांत उत्तर देतो : चार तास. हें उत्तर खोटें नाहीं. नाशिक, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा आणि डहाणू असा हा रस्ता सुमारें १५० किलोमीटरांचा आहे, आणि सकाळीं निघालेली मोटार दुपारच्या जेवणास समुद्रकांठीं पोंचते. परंतु ज्या घरांत आजोबा-आजींपासून रांगत्या मुलापर्यंत सारीं माणसें एका छपराखालीं नांदतात, त्या घरानें एवढ्या उत्तरावर बेत आंखूं नये, असें आम्हांस वाटतें. या वाटेच्या दोन टोकांस काय आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. पूर्वेस द्राक्षांचे मळे व त्यांच्या आधारानें उभे राहिलेले मद्याचे कारखाने. पश्चिमेस चिकूच्या वाड्या, सुरूचीं बनें आणि समुद्र. मधला जो डोंगराळ मुलूख, तो मात्र बहुतेक प्रवासी मोटारीच्या कांचेआडून पाहतात आणि विसरतात. आमच्या मतें प्रवासाचा खरा लाभ त्या मधल्या मुलखांत आहे, आणि आंखणी करावयाची ती त्यासाठींच.

एक जुना आंखणीकार

ही आंखणी कशी करावी, हें शिकावयास फार लांब जाण्याचें कारण नाहीं. नाशिकच्या दक्षिणेस सुमारें ८ किलोमीटरांवर त्रिरश्मि डोंगरांत जीं लेणीं आहेत, ज्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात, त्यांतील दहाव्या लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई. लेखाची भाषा संस्कृत व प्राकृत यांच्या मिश्रणाची आहे; त्यामुळें शाळेंत थोडेंबहुत संस्कृत केलेल्या माणसास त्यांतील पुष्कळ शब्द सहज ओळखतां येतात. लेखांत उषवदाताच्या दानांची यादी आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग या ठिकाणीं त्यानें चौसोपी विश्रामगृहें दिलीं. बागा, तळीं व विहिरी केल्या. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व डाहनुका या नद्यांवर नावा ठेवून लोकांस मोफत उतार दिला. आणि नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसावयास सभा व प्यावयास प्रपा, म्हणजे पाणपोया, घातल्या.

यांतील गोवर्धन म्हणजे नाशिकच्या पश्चिमेस गंगापूरच्या वाटेवर असलेलें गोवर्धन, शोर्पारग म्हणजे सोपारें आणि डाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, असें विद्वान मानतात. तेव्हां ज्या शिवारांत आज द्राक्षमळे पाहण्यास लोक जातात तें, आणि ज्या डहाणूस समुद्र पाहण्यास जातात तें, अशीं दोन्ही टोकें सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या एकाच शिलालेखांत आलेलीं आहेत. त्या काळचा सत्ताधीश वाटसरूचा विचार करतांना तीन गोष्टी पाहतो : मुक्काम कोठें होईल, पाणी कोठें मिळेल आणि उतार कसा पडेल. आम्हीहि तींच तीन कलमें घेऊन पुढील बेत मांडीत आहोंत. त्यापूर्वीं महिन्याचा निर्णय केला पाहिजे.

कोणत्या महिन्यांत जावें

या वाटेवरील तीन मुलखांचे ऋतु एकमेकांशीं जुळत नाहींत, ही पहिली अडचण. नाशिककडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. पहिलीनें वेलीची काडी तयार होते, दुसरीनें फळ येतें. मद्याचीं द्राक्षें साधारणपणें जानेवारीपासून मार्चपर्यंत खुडलीं जातात. खाण्याचीं द्राक्षें फेब्रुवारी-मार्चांत भरास येतात. ऑक्टोबरांत मळ्यांत जाणारास छाटलेल्या काड्यांवांचून फारसें कांहीं दिसत नाहीं. जव्हार-मोखाड्याचें रूप उलट श्रावणापासून कार्तिकापर्यंत पाहावें. भाताचीं खाचरें, डोंगरउतारावरील नागली व वरई, आणि जव्हाराजवळचा सुमारें ३०० फूट उंचीचा दाभोसाचा धबधबा हीं सारीं त्या दिवसांत भरलेलीं असतात. समुद्रकांठ पावसाळ्यांत धोक्याचा आणि वैशाखांत घामाचा.

तिन्ही गोष्टी एकाच खेपेस साधत नाहींत. एक तरी सोडावी लागते. ज्यांच्या घरांत वृद्ध माणसें आहेत त्यांनीं पौषाचा उत्तरार्ध किंवा माघाचा आरंभ, म्हणजे जानेवारीचे मधले दिवस, धरावे. धबधबा तेव्हां बारीक झालेला असतो. पण घाट कोरडा असतो, मळ्यांत घड लोंबत असतात आणि समुद्रावरची हवा सुखाची असते. ज्यांना हिरवा डोंगर पाहावयाचा आहे आणि द्राक्षांचा सोस नाहीं, अशा तरुण मंडळींनीं ऑक्टोबरची अखेर धरावी. नाताळापासून इंग्रजी नववर्षापर्यंतचा आठवडा दोन्ही टोकांस गर्दीचा असतो, तो टाळावा. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ सालीं येत आहे. त्या काळांत पर्वणीच्या तिथी पंचांगांत पाहून मगच त्र्यंबकाची वाट धरावी. एप्रिल-मे हे महिने आम्ही कां वर्ज्य मानतों, तें पुढें पाण्याच्या कलमांत येईल.

मुक्काम

मुक्काम तीन असावे : पहिला नाशिकास, दुसरा जव्हारास, तिसरा बोर्डीस किंवा डहाणूस. जव्हारचा मुक्काम पुष्कळांस अनावश्यक वाटतो, आणि तो गाळला कीं बेत पुन्हां चार तासांचा होतो.

पहिल्या दिवशीं सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं लेणीं पाहावीं. चढ पायऱ्यांचा आहे. गुडघे दुखणाऱ्या मंडळींनीं खालींच थांबावें. पायथ्याशीं दादासाहेब फाळके यांचें स्मारक आहे, तेथें वेळ चांगला जातो. वर जाणाऱ्या मुलांस दहाव्या लेण्यांतील लेख दाखवावा, आणि त्या लेखांतील डाहनुकेस आपण परवां पोंचणार आहोंत, हें सांगून ठेवावें. मुलांच्या मनांत वाटेचीं दोन टोकें एकदां जोडलीं गेलीं, म्हणजे मधल्या मुलखाबद्दल तीं स्वतः होऊन विचारूं लागतात.

दुपारीं गंगापूर-गोवर्धनाकडे जावें. गोदावरीवरील गंगापूरचें मातीचें धरण आणि त्याच्या आसपासचे मळे हें या प्रवासाचें पूर्वेकडील टोक. येथील मद्याचा धंदा आपल्या डोळ्यांदेखत वाढलेला आहे. सुला ही कंपनी १९९९ सालीं निघाली व २००० सालीं तिचें मद्य बाजारांत आलें. २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें, आणि त्यानंतर कारखाने वाढत गेले. शेनां ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों अशीं परदेशी जातींचीं नांवें आतां नाशिकचे शेतकरी सहज उच्चारतात.

आमच्या घरांत हा बेत निघाला तेव्हां पहिली हरकत थोरल्या वहिनींनीं घेतली. "दारूच्या कारखान्यांत पोरांना घेऊन जायचं म्हणजे काय!" त्यावर आमची धाकटी सून म्हणाली, "काकू, तुमच्या औषधाच्या कपाटांत द्राक्षासवाची बाटली आहे ना? तें कसं मुरतं, तेवढंच पाहून येऊं." वहिनी हंसल्या, पण अट घालण्यास चुकल्या नाहींत. "पाहा खुशाल, चाखायचं मात्र नाहीं." हा निर्णय ज्या त्या घरानें आपापल्या रीतीप्रमाणें करावा. द्राक्षें चिरडणें, रसास किण्व लागून साखरेचें मद्यार्कांत रूपांतर होणें, पोलादी टाक्या थंड राखणें, कांहीं मद्यें ओकच्या लाकडी पिंपांत मुरविणें, ही सर्व क्रिया पाहावयास मिळते, आणि शास्त्र शिकणाऱ्या मुलांस ती उपयोगाची आहे. त्यासाठीं पेला हातीं घ्यावा लागत नाहीं. जो घेईल त्यानें त्या दिवशीं मोटार चालवूं नये, एवढा एक नियम मात्र सर्व घरांस सारखाच लागू आहे.

द्राक्षमद्य आपल्या वाङ्मयास नवीन नाहीं. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूचें सैन्य अपरान्त, म्हणजे आपलें कोंकण, जिंकून खुष्कीच्या मार्गानें पारसीकांवर चालून जातें, आणि जय मिळाल्यावर त्याचे योद्धे तिकडील द्राक्षमळ्यांत कातडीं अंथरून मद्यानें श्रमपरिहार करतात. कालिदासानें समुद्रकांठ आधीं व द्राक्षमळे मागून ठेवले. आपण उलट दिशेनें निघालों आहोंत.

उतार

दुसऱ्या दिवशीं पहाटे निघून त्र्यंबकेश्वराचें दर्शन घ्यावें. नाशिकाहून त्र्यंबक २८ किलोमीटर. आजचें देऊळ अठराव्या शतकांत नानासाहेब पेशव्यांनीं बांधावयास घेतलें, हें सर्वश्रुत आहे. मुलांस देवळामागचा ब्रह्मगिरि दाखवून भूगोलाचा एक पाठ येथें द्यावा. या डोंगरांच्या पूर्वेस पडलेला पावसाचा थेंब गोदावरींत उतरून सुमारें १,४६५ किलोमीटर चालतो आणि बंगालच्या उपसागरास मिळतो. पश्चिम अंगास पडलेला थेंब वैतरणेच्या किंवा दमणगंगेच्या वाटेनें थोडक्याच अंतरांत अरबी समुद्र गांठतो. आपल्या मोटारीची वाट या दुसऱ्या थेंबाची आहे.

त्र्यंबकाहून जव्हार सुमारें ५० किलोमीटर. मधें तोरंगणचा घाट उतरावा लागतो. मराठींत उतार म्हणजे डोंगराची उतरण आणि उतार म्हणजे नदी ओलांडण्याची जागा. उषवदातापुढें दुसरा प्रश्न होता, आपल्यापुढें पहिला आहे. वाहन चालविणाऱ्यास आमच्या चारच सूचना आहेत. इंधन नाशिकासच भरून घ्यावें. घाटांत सतत ब्रेक दाबून न ठेवतां खालच्या गिअरवर उतरावें. ब्रेक तापले म्हणजे धरत नाहींत. धुकें असेल तर तें उठेपर्यंत त्र्यंबकासच थांबावें. आणि अंधार पडल्यावर ही वाट धरूं नये. वळणांनीं ज्यांस मळमळतें त्यांनीं पोटभर न्याहारी करून निघूं नये. आवळासुपारी किंवा आल्याचा तुकडा तोंडांत धरावा आणि पुढच्या बैठकीवर बसावें.

घाट उतरतांना डोंगराकडे नीट पाहावें. काळ्या खडकाचे थरावर थर दिसतात, माती पातळ, चढ उभा. या रचनेवरच या मुलखाचें सारें दैव अवलंबून आहे.

पाणी

मोखाडा-जव्हाराकडे पाऊस वर्षाला सरासरीनें अडीच हजार मिलिमीटरांच्या वर पडतो. नाशिक शहराचा पाऊस त्याच्या निम्म्याहूनहि कमी. तरीसुद्धां चैत्र-वैशाखांत नाशिकच्या मळ्यांत ठिबकनें वेलींच्या मुळांशीं पाणी पोंचत असतें, आणि मोखाड्याच्या पाड्यांवरील बायका हंडे घेऊन आटलेल्या विहिरींच्या तळाशीं उतरत असतात. कांहीं पाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते. कारण वर सांगितलेंच. पाणी पातळ मातींत मुरत नाहीं, उभ्या उतारानें वाहून जातें. तें अडवावयास मोठा खर्च लागतो, आणि तो खर्च ज्यांच्यासाठीं झाला ते दूर राहतात. वैतरणेवर एकाखालीं एक धरणें आहेत. मोडकसागर १९५७ सालचें. त्याच्या वरच्या बाजूस मोखाडा तालुक्यांतील मध्य वैतरणा या शतकांत बांधलेलें. या धरणांचें पाणी मुंबईच्या नळांस जातें. मुंबईत राहणाऱ्या आमच्या वाचकांनीं या वाटेनें जातांना, आपण रोज सकाळीं ज्या पाण्यानें स्नान करतों तें या डोंगरांतून येतें, एवढें तरी लक्षांत ठेवावें.

म्हणूनच आम्ही एप्रिल-मे वर्ज्य मानतों. ज्या दिवसांत गांवास प्यावयास पाणी नाहीं त्या दिवसांत तेथें पाहुण्यांचे जथे नेणें बरें नव्हे. इतर महिन्यांतहि दिवसभराचें पिण्याचें पाणी नाशिकाहून बरोबर घ्यावें, आणि रिकाम्या बाटल्या बरोबर परत आणाव्या.

या मुलखांत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी हे लोक राहतात. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत छाटणीस व खुडणीस जे मजूर दिसतात, त्यांतील पुष्कळ पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, मोखाडा अशा तालुक्यांतून आलेले असतात. आदल्या दिवशीं मळ्यांत पाहिलेली माणसें व आज वाटेवर दिसणारीं ओस घरें यांचा संबंध मुलांस समजावून द्यावा.

आणखी एक संबंध आहे. द्राक्षाच्या मद्यास शासनानें धोरण आंखून उत्तेजन दिलें; या रानांतील मोहाच्या फुलाची कथा निराळी आहे. १८९२ सालीं मुंबई इलाख्यांत मोहाच्या फुलांसंबंधीं कायदा झाला, आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत, आपल्याच झाडाखालीं पडलेलीं फुलें गोळा करून घरांत ठेवण्यावरहि निर्बंध आले. ज्यांना तें फूल दुष्काळांत अन्नहि होतें, त्यांच्यावर हा निर्बंध पडला. मद्यपानाची तरफदारी करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु एकाच वाटेवर दोन झाडांस दोन न्याय लागलेले दिसतात, हें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल.

या प्रदेशांतील वेठबिगारी व लग्नगडी म्हणून आयुष्यभर राबण्याची चाल मोडण्यासाठीं १९४५ सालीं वारल्यांचा लढा झाला. त्याचें नेतृत्व शामराव व गोदावरी परुळेकर यांनीं केलें. गोदावरीबाई पुण्याच्या गोखले घराण्यांतील, कायद्याच्या पदवीधर. त्यांनीं पाड्यापाड्यांवर पायीं हिंडून लोकांस उभें केलें. त्यांचें 'जेव्हा माणूस जागा होतो' हें पुस्तक प्रवासापूर्वीं घरांतील मोठ्या मुलांनीं वाचावें. पुढें १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां साऱ्या महाराष्ट्राचें लक्ष कांहीं काळ इकडे वळलें. सहलीच्या लेखांत असला मजकूर कशास, असें कोणी म्हणेल. पण मुलें खिडकींतून पाहतात आणि प्रश्न विचारतात. उत्तर देणारा वडीलधारा माणूस अज्ञानी असूं नये.

जव्हार हें मुकणे घराण्याच्या संस्थानाचें गांव. घराणें कोळी. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. समुद्रसपाटीपासून गांव सुमारें ४५० मीटर उंच असल्यानें रात्रीं चांगला गारठा असतो. वृद्धांसाठीं कानटोप्या व शाली वरच्या पिशवींत ठेवाव्या. येथें जयविलास राजवाडा, सायंकाळीं सूर्यास्ताची टेकडी आणि शिरपामाळ हीं स्थळें पाहावीं. १६६४ सालीं सुरतेवर जातांना शिवछत्रपतींचा मुक्काम शिरपामाळावर पडला होता, असें येथील लोक सांगतात. दाभोसा गांवाबाहेर सुमारें २० किलोमीटर आहे. तेथें जावयाचें तर तिसऱ्या दिवसाची सकाळ राखावी, आणि पाण्यांत उतरूं नये.

पाड्यांतून जातांना कांहीं शिष्टाचार पाळावा. विचारल्यावांचून कोणाच्या घराचें वा बायकामुलांचें छायाचित्र घेऊं नये. मोटारींतून मुलांकडे गोळ्या फेकूं नयेत. त्यानें देणाराचें मन सुखावतें आणि घेणाराचा मान जातो. त्याऐवजीं नागली, वरई, मध किंवा वारली चित्र विकत घ्यावें आणि भावांत घासाघीस करूं नये. ही चित्रकला मूळची लग्नघरांतील भिंतीवर, गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदुळाच्या पिठानें, सुवासिनींनीं काढावयाची. डहाणू तालुक्यांतील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं ती कागदावर आणून जगापुढें नेली. त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली, २०१८ सालीं ते वारले.

कोसबाडची टेकडी

तिसऱ्या दिवशीं जव्हाराहून कासा-चारोटीकडे उतरावें. चारोटीस मुंबई-अहमदाबाद महामार्ग आडवा येतो. जवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे, तिची यात्रा चैत्री पौर्णिमेपासून भरते. तेथून डहाणू फार दूर नाहीं. परंतु समुद्रावर धांव घेण्यापूर्वीं कोसबाडच्या टेकडीवर एक तास द्यावा, अशी आम्हां शाळामास्तराची विनंती आहे.

१९४५ सालीं, ज्या वर्षीं वारल्यांचा लढा चालू होता त्याच वर्षीं, ताराबाई मोडक यांनीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. बालपणींच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढें हें काम कोसबाडास आलें. आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत, कारण तीं गुरें राखतात; तेव्हां या बायकांनीं शाळाच कुरणांत नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलें. लहान मुलें घर सोडून येत नाहींत, तेव्हां वर्ग त्यांच्या अंगणांत भरविला, तीच अंगणवाडी. १९७५ सालीं भारत सरकारनें बालकांसाठीं देशव्यापी योजना काढली तेव्हां अंगणवाडी हा शब्द सर्व देशांत गेला. त्याची जन्मभूमि या वाटेवर आहे. खडू, पाटी, इमारत यांवांचून शिक्षण होतें, हें ज्यांस पटत नाहीं अशा सर्व शिक्षकांनीं ही टेकडी पाहावी. जाण्यापूर्वीं संस्थेस कळवून परवानगी घ्यावी. शाळा चालू असतां गडबड करूं नये.

समुद्र

डहाणूपासून उत्तरेस बोर्डीपर्यंतचा किनारा सपाट आहे. कांठानें सुरूचीं झाडें आणि त्यांच्यामागें चिकूच्या वाड्या. डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. चिकू हें फळ मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील. येथील अनेक वाड्या इराणी व पारशी कुटुंबांनीं वाढविल्या. बोर्डीपासून थोड्याच अंतरावर गुजरातेंत संजाण आहे, जेथें पारशी लोक प्रथम उतरले अशी त्यांची परंपरा सांगते. कालिदासाच्या रघूनें ज्या पारसीकांवर स्वारी केली, त्यांचे वंशज शेंकडों वर्षांनीं अपरान्तांत आश्रयास आले आणि बागाइतदार झाले. असा हा इतिहासाचा उलट प्रवास आहे.

भरती-ओहोटीची वेळ न पाहतां मुलांस पाण्यांत सोडूं नये. पंचांग जाणणाऱ्या घरास तिचा अदमास सोपा आहे. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरती साधारण किती वाजतां पूर्ण होईल तें निघतें. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-सायंकाळ सहाच्या सुमारास भरती व दुपारीं बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येस भरती दुपारीं अकरा-बाराच्या सुमारास, म्हणून सूर्यास्ताच्या वेळीं पाणी दूर गेलेलें असतें. हिशेबांत थोडें मागेंपुढें होतें. यास्तव स्थानिक कोळ्यास विचारून खात्री करावी. पाणी लांब गेलेलें दिसलें तरी त्याच्यामागें चालत जाऊं नये, कारण वाळूखालीं चिखल असतो आणि पाणी परततांना वेग धरतें.

हा किनारा आहे तसाच राहील, असें समजूं नये. १९९१ सालीं केंद्र सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. याच तालुक्यांत वाढवण येथें मोठें बंदर उभारण्याची पायाभरणी २०२४ सालीं झाली. बंदरानें व्यापार व रोजगार वाढेल, असें सरकारचें म्हणणें. मासेमारी बुडेल, म्हणून कोळी बांधवांचा विरोध. आपल्या मुलांस हा वाद दोन्ही बाजूंनीं सांगावा आणि मत त्यांचें त्यांस बनवूं द्यावें.

परत येतांना ज्यांस पुन्हां घाट नको असेल त्यांनीं डहाणू रोड स्थानकावरून आगगाडी धरावी. मुंबईस सरळ जातां येतें. बाकीच्यांनीं महामार्गानें यावें.

सामानाची यादी प्रत्येक घर आपापली करीलच. आम्ही तींत तीन जिन्नसांची भर घालतों : पाण्याचें भरलेलें मोठें भांडें, पंचांग, आणि एक कोरी वही. वहींत मुलांनीं वाटेवरच्या प्रत्येक नदीचें नांव, ती कोठून निघते, कोठें जाते आणि तिचें पाणी कोण पितो, हें लिहावें. उषवदाताच्या लेखांत सहा नद्यांचीं नांवें आहेत. आपल्या मुलांच्या वहींत गोदावरी, वैतरणा, सूर्या अशीं तीन नांवें जरी नीट उतरलीं, तरी प्रवासाचा खर्च वसूल झाला असें समजावें.